पहिला भार

शेडमधलं पीळ घालायचं चाक सकाळपासून बंद होतं, आणि चाक बंद असलं की या घरात कुणालाच बसवत नसे. अण्णा चौथ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आले होते. आत्या घासलेली भांडी पुन्हा घासत होती. थोरला वर्तमानपत्राचं एकच पान उलटंपालटं करत होता. वाऱ्याने मागचं दार आपटायचं, कुणीतरी उठून ते लावायचं, आणि जरा वेळाने दुसरंच कुणीतरी जाऊन ते विनाकारण उघडायचं.

वहिनी टेबलावर ताटं मांडता मांडता स्वतःवरच चिडली होती. काल आपण तोंड मिटून राहिलो असतो तर आजचं जेवण तरी सुखाने झालं असतं. तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की धाकटे भावजी गेले तीन रविवार पुलापलीकडच्या चर्चमध्ये जाऊन बसतात. तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. दवाखान्यात नर्स म्हणून बारा वर्षं काढल्यावर माणूस कुठे जाऊन बसतो यापेक्षा तो जेवतो का, झोपतो का, याकडेच तिचं लक्ष जाई. आणि गेले तीन आठवडे भावजी जेवत होते. पण थोरल्याने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो असा गप्प झाला की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी खैर नसते, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

आज सगळ्यांना अण्णांनीच एकत्र बसायला सांगितलं होतं. कारण होतं त्यांचा उजवा खांदा. डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, की या हाताने आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. म्हणजे पहिला भार संपला.

चार पिढ्या हे घर दोर वळत आलं. ज्या दोरावर माणूस चढणार-उतरणार, तो दोर शेडबाहेर पडण्याआधी घरच्या माणसाने त्यावर स्वतः लटकायचं, असा इथला नेम होता. मधल्या तुळईला दोर बांधायचा, हातांनी धरायचा, पाय जमिनीवरून उचलायचे आणि एक गाणं पूर्ण होईपर्यंत अंग सोडून द्यायचं. मगच दोराच्या टोकाला लाल धागा बांधायचा. ताण मोजणारं यंत्र थोरल्याने केव्हाच आणलं होतं. पण यंत्र तुकडा तपासतं, आख्खा दोर माणूसच तपासतो, असं अण्णा म्हणत. गाणं कुणी रचलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

*पिळापिळात जीव घाल*
*वळणाऱ्या रे बापा*
*आधी तुझा भार तोल*
*मग जगाच्या खेपा*

अशी चार कडवी. सावकाश म्हटली तर हात थरथरायला लागतात, आणि ती सावकाशच म्हणायची असतात. थोरल्याची पाठ लहानपणी पडल्यापासून कच्ची, म्हणून तो बाहेरचा व्याप बघे. भार घेत आले ते अण्णा आणि गेली नऊ वर्षं त्यांच्या जोडीने धाकटा. आज अण्णांना तो पूर्णपणे धाकट्याच्या हवाली करायचा होता.

आणि धाकट्याला नाही म्हणायचं होतं.

तो सगळ्यात शेवटी आला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसला. त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली चर्चची. ती त्याने रस्त्याने येताना तीनदा जुळवली होती. दुसरी गोष्ट गेले आठ महिने तो जुळवत होता आणि ती एकदाही जुळली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी या शेडमधला एक दोर तिसऱ्या मजल्यावर तुटला आणि त्यावर बसून भिंत रंगवणारा रंगारी खाली पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. चौकशी झाली. कठड्याच्या लोखंडी कडेवर दोर घासून घासून कापला गेला, ठेकेदाराने खाली गोणपाट घालायला हवं होतं, दोर वळणाऱ्यांचा दोष नाही, असा निकाल लागला. घराने श्वास सोडला. एकट्या धाकट्याने सोडला नाही, कारण त्या दोराला लाल धागा त्याने बांधला होता आणि दोरावर तो लटकला नव्हता. हे जगात त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

जेवण सुरू झाल्यावर अण्णांनी विषय काढला. लांबण लावायची त्यांना सवय नव्हती. खांद्याचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, आणि सोमवारपासून पहिला भार धाकट्याचा, एवढं बोलून ते पुन्हा जेवू लागले. धाकटा म्हणाला की निदान वर्षभर तरी त्याच्याच्याने ते होणार नाही. अण्णांचा घास हातातच राहिला.

"का होणार नाही, ते मी सांगू की तू सांगतोस?" थोरला म्हणाला.

धाकट्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. मग त्याने स्वतःच सांगितलं. चर्चमधले फादर दर मंगळवारी आणि शनिवारी त्याच्यासोबत वाचायला बसणार आहेत. वर्षभर नीट वाचायचं, विचारायचं, तपासायचं असं त्याने ठरवलंय. बदलायचं वगैरे काही ठरवलेलं नाही. फक्त तपासायचं. आतापर्यंत तो इकडून तिकडे उड्या मारत होता. आता एक वाट धरून शेवटपर्यंत जायची, ती नाही पटली तर दुसरी. पहिली ही.

आत्याने हात पुसले. ती अण्णांची मोठी बहीण. लग्न करून गेली होती आणि दोन वर्षांत, तिथला दोर कच्चा निघाला, एवढंच कारण देऊन परत आली होती. तेव्हापासून शेडमध्ये तिचा शब्द अण्णांच्या खालोखाल चाले, आणि घरात त्यांच्याही वर. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आधी श्वास मोजायचं शिबिर झालं. मग दहा दिवस मौन, त्यातून हा परत आला तो महिनाभर तसाच. मग तो दाढीवाला, ज्याने सांगितलं की पडणारा, पाडणारा आणि दोर तिन्ही खोटेच. मग ती बाई, जिने रंगाऱ्याचं मागच्या जन्मीचं काढलं.

"मी इतक्या चपला बदलल्या नाहीत रे," ती म्हणाली. "आणि आता हे. पहिली वाट म्हणतोस, ही तर पाचवी झाली."

"त्या वाटा नव्हत्या, आत्या. मी नुसता पळत होतो."

"मग आता चालताना हीच बरी सापडली? घराजवळच्या सगळ्या सोडून?"

थोरल्याला हेच विचारायचं होतं. आत्या आपल्या बाजूची निघाली म्हणून त्याला बळ आलं. आपल्या घरातली प्रार्थना, आईने शेवटपर्यंत सांभाळलेली, ती आधी का नाही? इतक्या लोकांच्या इतक्या वाटा असताना क्रम कसा लावला? चिठ्ठ्या टाकल्या का?

धाकट्याने ताट पुढे सरकवलं. "दादा, तपासायला दहा दोर एकदम आले, तर तू कुठला आधी घेतोस?"

"विषय बदलू नकोस."

"सांग ना."

थोरल्याला कामाचा प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. हा त्याचा लहानपणापासूनचा दुबळेपणा होता आणि धाकट्याला तो माहीत होता. "ज्याच्यावर सगळ्यात जास्त वजन लिहिलंय तो," तो म्हणाला. "खोटा असेल तर तो लगेच तुटतो. बाकीचे मग निवांत बघता येतात."

"मी तेच करतोय."

मग तो बोलत गेला, आणि आठ महिन्यांत इतकं सलग बोललेलं त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बाकीच्या ठिकाणी त्याला साधना दिली होती. ती वाईट नव्हती. पण तिने काही झालं नाही तर दोष त्याचा. अजून कर, दहा वर्षं कर. अशी गोष्ट तुटणार कधी आणि कळणार कसं? इथे ते सांगतात ते एका माणसाबद्दल. अमुक राज्यकर्त्याच्या काळात त्याला मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी थडगं रिकामं होतं. घडलं किंवा नाही घडलं. आणि हे घडलं नसेल तर आमचं सगळंच फुकट आहे, असं तेच स्वतः म्हणतात. एवढं वजन आपणहून स्वतःवर लिहून घेणारं दुसरं कुणी निदान त्याला तरी भेटलं नव्हतं. बाकीचे खोटे असं त्याला म्हणायचं नव्हतं. आधी हे, एवढंच म्हणायचं होतं.

"दोन हजार वर्षांचा दोर," थोरला म्हणाला, "हा गडी एका वर्षात तपासणार."

"तुटला तर वर्षसुद्धा लागणार नाही."

"वकील व्हायचा होतास तू," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. तिला नेमकं बोलणारी माणसं आवडत. थोरल्याच्या ते लक्षात आलं आणि आपली बाजू सैल होतेय असं त्याला वाटलं. त्याला देवाधर्माचं फारसं पडलेलं नव्हतंच. त्याला भीती वेगळीच होती. हा पुलापलीकडे जाईल, तिकडची माणसं याला जवळ करतील, आणि या लांबलचक शेडमध्ये आपण, एक कच्ची पाठ आणि एक यंत्र एवढेच उरू. पण हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो म्हणाला की लोक काय म्हणतील. वहिनी पहिल्यांदाच बोलली. ती म्हणाली की लोक आठ महिने भावजींच्या उशाशी बसले नव्हते, ते काहीही म्हणोत.

अण्णा उठले. "हे सगळं डोक्याचं झालं," ते धाकट्याला म्हणाले. "डोक्यासाठी कुणी दर रविवारी पूल ओलांडत नाही." आणि ते शेडकडे चालू लागले.

शेड दोनशे पावलं लांब होती. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला आकडे, आणि मधे नुसती चालायची जागा. अण्णांचं आयुष्य त्या जागेत उलटं चालण्यात गेलं होतं. पेड हातात धरून पीळ घेत मागे मागे सरकायचं, आपण कुठे चाललो ते बघायचं नाही, काय वळतोय ते बघायचं. आज हातात पेड नव्हता, तरी ते तुळईपासून मागे मागे जात होते. त्यांना मुलाचा राग आला नव्हता. त्यांना कळत नव्हतं, आणि न कळण्याची त्यांना सवय नव्हती. दोर कुठे कच्चा आहे ते त्यांच्या अंगठ्याला कळे. हा पोरगा कुठे कच्चा झाला, ते आठ महिने चाचपून सापडलं नव्हतं.

एकेक करून सगळे शेडमध्ये आले. आत्या काथ्याच्या ढिगावर बसली. थोरला चाकाला टेकला. वहिनी दाराशी उभी राहिली, कारण तिथून घरही दिसत होतं आणि माणसंही.

"आता सांग," अण्णा म्हणाले.

धाकट्याने आधी रंगाऱ्याच्या वॉर्डातलं सांगितलं, तिथे तो त्याच्याजवळ जाऊन बसायचा. खाटेशेजारच्या खणात चर्चमध्ये वाचतात त्या शुभवर्तमानाचं एक लहान पुस्तक होतं, कुणीतरी विसरलेलं. रंगारी झोपला की तो तेच वाचायचा. बाकीच्या ठिकाणी सगळे धाकट्याला वर चढायला शिकवत होते. एकेक पायरी, एकेक श्वास. त्याच्या अंगात चढण्याचं बळच उरलं नव्हतं. आणि इथे लिहिलं होतं की वरचा खाली उतरला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला हसू आलं. मग पुढचं वाचलं.

"ते असं म्हणतात, अण्णा, की ज्याने हे सगळं वळलं, तो त्यावर स्वतः लटकला. माणसाचं अंग घेऊन. दुसऱ्याला धाडलं नाही. आणि गाणं संपल्यावर खाली उतरला नाही. जीव जाईपर्यंत राहिला."

वाऱ्याने छपराचा पत्रा वाजला. अण्णांनी मान वर करून तुळईकडे बघितलं.

"तुला ते आवडलं," ते म्हणाले, "कारण ते आपल्या घरातलं आहे."

"नाही," धाकटा म्हणाला. "मी ते केलं नव्हतं म्हणून."

आणि त्याने सांगितलं. सांगायला फार नव्हतंच. अण्णा त्या दिवशी तापाने पडलेले. ऊन फार होतं. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. हात आधीच दुखत होते, आणि नऊ वर्षांत एकही दोर तुळईवर तुटला नव्हता. त्याने धागा बांधला आणि दोर ट्रकमध्ये टाकला. चौकशीत सुटला तो दोर. तो स्वतः सुटला नव्हता. ज्यांच्या-ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला शांत कसं व्हायचं ते शिकवलं, आणि कुणालाच काही सांगावं लागलं नाही. फादरांकडे पहिल्याच रविवारी त्याला कळून चुकलं की इथे न सांगता पुढे जाता येणार नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं की हे रंगाऱ्याला माहीत आहे का. उद्या तो रंगाऱ्याला तेच सांगायला जाणार होता.

सगळ्यात आधी थोरला भानावर आला. ही गोष्ट शेडच्या बाहेर जाणार नाही, तो म्हणाला. कड लोखंडाची होती, दोर घासून तुटला, त्यावर कुणी लटकलं असतं काय आणि नसतं काय. बंद झालेली चौकशी उघडायची कशाला?

वहिनी दारातून आत आली. इतका वेळ ती धाकट्याच्या बाजूची होती, आता तिने नवऱ्याच्या शेजारी जागा घेतली. "भावजी, चर्चमध्ये जा, अजून कुठे जा, मी काही म्हणणार नाही. पण तो माणूस आत्ता कुठे उशीला टेकून बसायला लागलाय. तुमचं मन हलकं करायला त्याला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर नेऊ नका."

हे धाकट्याला लागलं. उत्तर आत्याने दिलं, आणि ती तर मघाशी थोरल्याच्या बाजूला होती. "पडला तो. त्याच्या पडण्यातलं जे काही आहे ते त्याचं आहे, सगळं. आपण कोण ठेवून घेणारे?"

"म्हणजे घर बुडवायचं?" थोरला म्हणाला.

"घर काय रे, घर धाग्यावर उभं आहे. तोच खोटा बांधला याने."

आवाज चढत गेले. कोण कुणाच्या बाजूने बोलतंय ते त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं. वहिनी रंगाऱ्याची बाजू घेऊन आत्याशी भांडत होती आणि आत्याही रंगाऱ्याचीच बाजू घेऊन तिच्याशी. अण्णा मात्र चाकाजवळच्या खिळ्याला टांगलेल्या धाग्याच्या रिळाकडे बघत काहीतरी आठवत होते. ते तापात पडले होते त्या दिवशीचं. खिडकीतून ट्रक दिसत होता.

"त्या दिवशी दोन दोर गेले," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"दोन भेंडोळी चढवली होतीस. एक रंगकामाला. दुसरं?"

धाकट्याच्या तोंडाचा रंग उतरला. ते इतकं स्पष्ट दिसलं की वहिनीचा हात सवयीने त्याच्या मनगटाकडे गेला. "मला आठवलंच नाही," तो म्हणाला. "अण्णा, मला आठवलंच नाही."

"आठ महिने आत्मा शोधतोयस," आत्या हळूच म्हणाली, "दोर नाही शोधलास."

ती टोचायला बोलली नव्हती. तरी धाकटा जिथे उभा होता तिथेच खाली बसला. एवढं वाचलं, एवढे श्वास मोजले, एवढं मौन पाळलं, आणि त्या सगळ्यात तो एकटाच होता. तो आणि त्याची चूक, समोरासमोर, जसे आरशात. दुसऱ्या दोराच्या टोकाला कुणी असेल, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

कुठला दोर कुठे गेला हे थोरल्याला तोंडपाठ असे. "धान्याची कोठी," तो म्हणाला. "रेल्वेच्या रुळांपलीकडची. आत माणूस सोडून भिंती खरवडतात. आज शनिवार, काम चालू असेल." मघापासून गप्प बसा म्हणणाऱ्या त्यानेच सगळ्यांआधी खिशातून गाडीची किल्ली काढली. दुसऱ्या हाताने फोन लावला. कोठीच्या कार्यालयात घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"नवा दोर न्या," आत्या म्हणाली. "माणूस खाली असेल तर त्याच दोराने वर घेणार का त्याला?"

कालच वळून झालेलं भेंडोळं आकड्याला होतं. धाकट्याने ते खांद्यावर घेतलं आणि दाराकडे वळला. अण्णा वाटेत उभे होते.

"भार," ते म्हणाले.

"अण्णा, वेळ नाही."

"त्या दिवशीपण नव्हता."

धाकट्याने दोर तुळईवरून टाकला. गाठ मारून ती ओढून बघितली. त्याने पाय उचलले. अण्णांनी गायला सुरुवात केली, पण दुसऱ्याच ओळीला त्यांचा श्वास अडकला आणि पुढचं आत्याने उचललं, तिच्या जाड्याभरड्या आवाजात, सावकाश, एकही शब्द न गिळता. बाहेर थोरल्याने गाडी सुरू करून हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात काढलाच नाही. धाकट्याच्या हातांना घाम सुटला, खांद्यातून कळ निघाली, आणि त्या हॉर्नच्या खाली गाणं आपल्या पायांनी चालत राहिलं, दुसरं कडवं, तिसरं कडवं. वहिनीला वाटत होतं की धावत जाऊन नवऱ्याला थांबवावं, आणि वाटत होतं की धावत जाऊन आत्याला थांबवावं. ती जागची हलली नाही.

चौथं कडवं संपलं. धाकट्याने पाय टेकले. अण्णांनी स्वतः धागा बांधला, डाव्या हाताने आणि दातांनी.

"पहिला भार तुला दिलेला नाही," ते म्हणाले. "हा एक दोर झाला. जा."

कोठी शहराच्या टोकाला होती, सिमेंटची, उंच, बिनखिडक्यांची. रुळांचं फाटक लागलं तेव्हा थोरला स्टेअरिंगवर बोटं आपटत राहिला, आणि धाकट्याला वाटलं की काहीतरी म्हणावं, एखादी प्रार्थना, पण कुठल्या शब्दांनी ते त्याला येईना. त्याने भेंडोळं घट्ट धरून ठेवलं.

वर जायला बाहेरून लोखंडी जिना होता. थोरल्याला त्याच्या पाठीमुळे असे जिने चढायला मनाई होती. तो चढला. वर गच्चीच्या मध्यावर एक गोल तोंड होतं, त्याच्यावर तीन पायांचं तिकाटणं, आणि तिकाटण्यावरून एक दोर सरळ अंधारात उतरला होता. ताणलेला. टोकाला लाल धागा. खालून खरवडल्याचा आवाज येत होता आणि मधूनच कुणीतरी शीळ घालत होतं.

मुकादम सावलीत बसला होता. त्याने यांना ओळखलं, हसून हात केला. धाकटा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हा दोर आमच्याकडचा आहे. मी त्याची तपासणी न करता त्यावर खूण बांधली होती. खाली माणूस आहे, त्याला दुसऱ्या दोराने वर घ्या."

मुकादमाचं हसू तसंच राहिलं. त्याला अजून अर्थ लागायचा होता. थोरल्याने नवा दोर तिकाटण्यावरून टाकायला घेतला होता. त्याची पाठ वाकली की दुखते हे मुकादमालाही दिसत होतं. मग शीळ थांबली. खालून विचारणा आली, वरून उत्तर गेलं. खालच्या माणसाने नवा दोर कमरेला बांधला, जुना सोडला. तिघांनी मिळून ओढला. वर आला तो चाळिशीचा एक किरकोळ माणूस, भुवयांपर्यंत पिठासारख्या धुळीने माखलेला. काय झालं ते त्याने विचारलं नाही. त्याने पाणी मागितलं, आणि अर्धा तास आधीच सुट्टी मिळाली का, हे विचारलं.

धाकट्याने जुना दोर वर ओढला आणि हातभर हातभर अंगठ्याखालून सोडत गेला. सगळा. दोर चांगला होता. कुठे कच्चा नव्हता, कुठे घासलेला नव्हता. चार वर्षं अजून चालला असता. त्याला वाटलं होतं की चांगला निघाला तर सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही.

मुकादमाला आता अर्थ लागला होता आणि तो चिडला होता. काम थांबलं, वरच्यांना उत्तर द्यावं लागणार, उद्या हा माणूस पुन्हा खाली उतरायला तयार होईल का. त्याने एक कागद काढला. काम कुणामुळे थांबलं, दोराची जबाबदारी कुणाची, खाली नाव आणि सही. धाकट्याने हात पुढे केला. कागद थोरल्याने घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि स्वतःचं नाव लिहू लागला.

"दादा, ते माझं आहे."

"माहीत आहे."

"मग तू का लिहितोस?"

थोरल्याने सही केली, तारीख टाकली, कागद परत दिला. कमरेवर हात ठेवून तो हळूहळू सरळ झाला. खाली गाडी उन्हात उभी होती, रुळांवरून एक मालगाडी संथपणे चालली होती. त्याने भावाकडे बघितलं नाही.

"उद्या किती वाजता असतं तुझं ते, पुलापलीकडे?"

"नऊला."

"म्हणजे रंगाऱ्याकडे आधी," थोरला म्हणाला. "साडेसातला निघू."